यान गार्बारेक: सनईसारखा वाजणारा सॅक्सोफोन

रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत स्पीकर लावून बसलो होतो. आई आत मेथी निवडत होती. दोन-तीन मिनिटांनी आतूनच तिचा आवाज आला, "कुणाकडे लग्न आहे रे? सनईवाला बरा मिळालाय."

मी सांगितलं की हा नॉर्वेचा माणूस आहे, यान गार्बारेक, आणि वाजतोय तो सॅक्सोफोन. "असेल," ती म्हणाली आणि पुन्हा मेथीला लागली. मला मात्र ते वाक्य चिकटून बसलं. कारण तिचा कान चुकला नव्हता. तो का चुकला नव्हता हे नीट सांगायला बसलं, तर या माणसाची निम्मी गोष्ट त्यातच सांगून होते. (नाव 'यान' असंच म्हणायचं, 'जॅन' नाही. आणि त्याला मी 'तो' म्हणणार आहे. आवडत्या कलावंताशी आपली अरे-तुरेचीच ओळख असते.)

आधी वाद्य. पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडून, एका टोकाशी चीर पाडून पिपाणी केलेली आठवते का? फुंकलं की चिरलेली कड थरथरते आणि 'पों' असा आवाज येतो. सॅक्सोफोनचं मर्म तेवढंच. तोंडाशी वेळूसारख्या गवताची एक पातळ पट्टी बांधलेली असते, तिला रीड म्हणतात. फुंकरीने ती थरथरते, नळीतली हवा तिच्या तालावर हलायला लागते आणि स्वर तयार होतो. सनईला अशा पट्ट्यांची जोडी असते, सॅक्सोफोनला एकच. पण दोन्हींची नळी तोंडाशी निमुळती आणि खाली रुंद होत गेलेली असते, आणि आवाजाचा पोत बराचसा या निमुळतेपणावर ठरतो. लग्नाच्या बँडमधली क्लॅरिनेटसुद्धा एका रीडची, पण तिची नळी सरळ, दंडगोल. म्हणून क्लॅरिनेट सनईसारखी वाजत नाही आणि छोटा सोप्रानो सॅक्सोफोन मात्र वाजतो. गार्बारेककडे तर सोप्रानोचा वाकडा नमुना असतो, हत्तीच्या पिल्लाच्या सोंडेसारखा दिसणारा. सॅक्सोफोन हे बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ सॅक्सचं अपत्य. त्याने 1846 मध्ये पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. अंगाने पितळी असूनही या वाद्याची गणना पाश्चात्त्य लोक लाकडी सुषिर वाद्यांतच करतात, ती या रीडमुळे.

बासरीला रीडच नाही. पेनाचं टोपण ओठाशी आडवं धरून फुंकलं की शिट्टी वाजते, तीच युक्ती. हवेची पात कडेवर आपटते, दुभंगते आणि नळीतली हवा हलवते. तरीही सॅक्सोफोन वाजवणारे पुष्कळ लोक बासरीही वाजवतात. ब्योम नावाच्या जर्मन बासरीकाराने एकोणिसाव्या शतकात बासरीवर चाव्यांची जी रचना बसवली, तिची बोटं आणि सॅक्सोफोनची बोटं खूपशी सारखी आहेत. आपल्याकडचं उदाहरण हवं तर राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातले मनोहारी सिंग. हिंदी सिनेमातला सॅक्सोफोन म्हटलं की त्यांचंच नाव आठवतं, आणि बासरीही ते वाजवत. म्हणजे बोटं तीच, ओठ मात्र नव्याने शिकायचे.

आता माणूस. गार्बारेकचा जन्म 4 मार्च 1947 चा, दक्षिण नॉर्वेतल्या मीसेन गावचा. वडील पोलंडचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्यांना कैदी म्हणून नॉर्वेत आणलं होतं. युद्ध संपल्यावर ते तिथेच राहिले आणि नॉर्वेतल्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी त्यांनी लग्न केलं. त्या काळी नॉर्वेत जन्मल्याने आपोआप नागरिकत्व मिळत नसे. त्यामुळे वयाच्या सातव्या वर्षापर्यंत या मुलाला कुठलाच देश नव्हता. वाढला ओस्लोत, शाळा ओस्लोत, भाषा नॉर्वेची, आणि कागदावर कुणाचाच नाही. पुढे जगभरचे समीक्षक त्याच्या सुरात नॉर्वेचा बर्फ, नॉर्वेची दऱ्याखोरी, उत्तरेकडचा एकांत ऐकू लागले, तेव्हा त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. मला तरी ते वाचताना दर वेळी हा सात वर्षांचा मुलगा आठवतो.

1961. चौदा वर्षांच्या यानने रेडिओवर जॉन कोल्ट्रेन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाचं 'काउंटडाउन' ऐकलं. त्याआधी त्याला संगीताचं विशेष वेड नव्हतं. त्या दिवसानंतर दुसरं काही सुचेना. घरात सॅक्सोफोन यायचा होता, तोवर त्याने बोटं कुठे ठेवायची हे शिकवणारं पुस्तक आणलं आणि वाद्य नसतानाच त्यातली सगळी बोटं पाठ केली. पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, नॉर्वेतली हौशी जॅझ वादकांची स्पर्धा त्याने जिंकली.

'काउंटडाउन' मध्ये असं काय आहे, हे कळायला जॅझची एक गोष्ट समजून घ्यावी लागते. आपल्या गवयाचा राग एकदा ठरला की बैठकभर तोच. षड्ज हलत नाही, तंबोरा हलत नाही, आणि त्या एका चौकटीत विस्तार होतो. जॅझमध्ये साधारणपणे धुनीखालचे कॉर्ड बदलत राहतात. कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर. कॉर्ड बदलला की खालची जमीनच बदलते, आणि आत्ता गोड लागलेला स्वर पुढच्या क्षणी बेसूर वाटू शकतो. वादकाने उपज करायची ती या हलत्या जमिनीवर. साधी धून असली तर जमीन दर आवर्तनात चार-सहा वेळा हलते. 'काउंटडाउन' मध्ये ती प्रचंड वेगात आणि जवळजवळ सतत हलते, आणि कोल्ट्रेन प्रत्येक हलण्याला उत्तर देत सुटतो. सव्वादोन मिनिटांत स्वरांचा धबधबा कोसळून संपतो. चौदा वर्षांच्या पोराला वेड लागेल नाही तर काय!

याच कोल्ट्रेनला पुढे रविशंकरांच्या सतारीने झपाटलं. 1965 मध्ये झालेल्या मुलाचं नावही त्याने रवी ठेवलं. बदलते कॉर्ड सोडून तो हळूहळू एकाच स्वरसमूहावर दीर्घकाळ थांबायला शिकला. म्हणजे ज्या गुरूमुळे गार्बारेकने वाद्य उचललं, तो गुरूच भारताच्या दिशेने चालला होता.

दुसरा गुरू प्रत्यक्ष भेटला. जॉर्ज रसेल हा अमेरिकन संगीतकार साठच्या दशकात अमेरिकेला कंटाळून स्कँडिनेव्हियात राहायला आला होता. 1965 मध्ये मोल्दे इथल्या जॅझ महोत्सवात त्याने अठरा वर्षांच्या गार्बारेकला ऐकलं आणि आपल्या ताफ्यात घेतलं. जँगो राइनहार्ट या गिटारवादकानंतर युरोपने असा कलावंत दिला नाही, इतकी मोठी पावती त्याने पुढे दिली. रसेल वादकापेक्षा विचारवंत म्हणून मोठा. 1953 मध्ये त्याने एक सिद्धान्त मांडला. पाश्चात्त्य लोक ज्याला मूळ सप्तक मानतात ते आपल्या बिलावलसारखं, सगळे स्वर शुद्ध. रसेल म्हणाला, मूळ सप्तक ते नाही, लिडियन आहे. लिडियन म्हणजे सगळे शुद्ध, फक्त मध्यम तीव्र. थोडक्यात, आपला यमन.

त्याचं कारण तर गाणं शिकणाऱ्या कुणालाही अर्ध्या मिनिटात पटेल. सा पासून निघा आणि षड्ज-पंचम भावाने वर चढत राहा. सा चा पंचम प. प चा पंचम रे. रे चा ध, ध चा ग, ग चा नी. आणि नी चा पंचम तीव्र मध्यम. सहा उड्यांत सात स्वर मिळाले आणि शुद्ध मध्यम वाटेत कुठे लागलाच नाही. आमच्याकडे पहिला राग म्हणून यमन शिकवायची पद्धत आहे. तिचं कारण कुणी मला असं सांगितलं नव्हतं. पण अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय संगीतकाराने आजारपणात रुग्णालयाच्या खाटेवर पडल्यापडल्या ज्या विचाराचा पिच्छा पुरवला, तो आपल्या पहिल्या धड्यापाशी येऊन थांबावा, याची गंमत वाटतेच.

तिसरा माणूस डॉन चेरी. हाही अमेरिकन, ट्रम्पेटवाला, तेव्हा स्वीडनमध्ये स्थायिक झालेला. जगभरचं लोकसंगीत आणि भारतीय संगीत गोळा करत फिरणारा अवलिया. तो ओस्लोत आला आणि नॉर्वेच्या रेडिओसाठी ध्वनिमुद्रणाची वेळ आली, तेव्हा त्याने गार्बारेक आणि मंडळींना सुचवलं की तुमच्या इथल्या लोकगायकांना बोलवा, त्यांच्याबरोबर वाजवा. तोपर्यंत ही तरुण पोरं अमेरिकेकडे डोळे लावून बसली होती. आपल्या खेड्यातल्या गाण्याकडे बघा, हे सांगायला अमेरिकेहूनच कुणीतरी यावं लागलं. हे आपल्यालाही नवीन नाही म्हणा.

खेड्याकडे वळल्यावर तिथे बासरी भेटते, आणि ती साधीसुधी नाही. तिचं नाव सेल्येफ्लॉयते, विलोच्या सालीची बासरी. वसंतात झाडात रस चढला की विलोच्या कोवळ्या फांदीची साल आतल्या लाकडावरून सबंध नळीसारखी निसटून येते. त्या सालीचीच बासरी करतात. साल वाळून चिरली की वाद्य संपलं, पुढच्या वसंतात नवं करायचं. हल्ली लोक प्लॅस्टिकच्या नळीचीही करतात. तिला बोटांसाठी भोकंच नसतात. स्वर बदलायचे ते फुंकर कमी-जास्त करून, आणि नळीचं खालचं तोंड बोटाने झाकून किंवा उघडून. मग यातून गाणं कसं निघतं?

तंबोऱ्यापाशी बसलेल्यांना हे सांगायला नको. खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तार फक्त एकाच गतीने कंप पावत नाही. ती दुपटीने, तिपटीने, चौपटीनेही हलत असते. खर्जाची आंदोलनं सेकंदाला 100 धरा. मग तिच्यात 200 चा सा आहे, 300 चा प आहे, 400 चा पुन्हा सा आणि 500 चा ग आहे. अजून वर जा. 800 चा सा, 900 चा रे, 1000 चा ग, 1200 चा प. सालीच्या बासरीतून ही निसर्गाची शिडी निघते. जोरात फुंकलं की वरची पायरी. पण 1100 ची पायरी बघा. शुद्ध मध्यम असायला 1067 च्या आसपास हवं, तीव्र मध्यमाला 1125 च्या. हा स्वर बरोबर दोघांच्या मधे लोंबकळतो. पेटीवर तो नाहीच. पियानोवर नाही. नॉर्वेच्या जुन्या लोकगीतांत मात्र असे मधले मध्यम ऐकू येतात, आणि पियानोवर वाढलेल्या कानाला ते जरा परके, जरा रानटी वाटतात.

गार्बारेकच्या सुरातलं ते 'काहीतरी वेगळं' मला इथे सापडतं. सॅक्सोफोनच्या चाव्या पियानोच्या मापाने बसवलेल्या असतात. पण रीडवरचा ओठांचा दाब आणि घशाची पोकळी बदलली की स्वर चाव्यांच्या तावडीतून सुटतो. गार्बारेक किंचित खालून स्वराला हात घालतो, वर सरकतो, मग स्वर सरळसोट धरून ठेवतो, कंप न देता. सोडताना कडेला एखादा चिमुकला कण लावतो. मींड म्हणा, घसीट म्हणा. सनईवाला नेमकं हेच करतो. आई काही नळीचा आकार ऐकत नव्हती. ती हे ऐकत होती.

नॉर्वेचा म्हणून जगाला ओळखू येणारा हा आवाज कसा घडला ते आता जरा बाजूला उभं राहून बघा. बाप पोलंडचा, कोल्ट्रेन अमेरिकेचा, रसेल आणि चेरी परागंदा अमेरिकन, आणि पाठीमागे रविशंकर. मातीचा वास म्हणतात तो असा चौफेर फिरून आला.

आणि त्याला घर मिळालं जर्मनीत. म्युनिकचा मानफ्रेड आयशर हा मुळात बासवादक, म्हणजे खर्जाचं मोठं तंतुवाद्य वाजवणारा. त्याने 1969 मध्ये ईसीएम ही तबकड्यांची कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1970 मध्ये, गार्बारेकचा 'अ‍ॅफ्रिक पेपरबर्ड' मुद्रित करायला तो ओस्लोत आला. सोबत तेर्ये रिपडाल गिटारवर, आरिल्ड आंदेर्सन बासवर, यॉन क्रिस्टेन्सन ड्रमवर. पुढे हे सगळेच मोठे झाले. आधी ठरली होती शहराबाहेरच्या एका कलासंग्रहालयाची जागा. पण तिथे आवाज इतका घुमायला लागला की काही टिपता येईना. शेवटी सगळं बिऱ्हाड उचलून शहरातल्या स्टुडिओत आणलं. तिथे यान एरिक कोंगशाउग हा ध्वनिमुद्रक होता. पुढची कित्येक दशकं ईसीएमच्या असंख्य तबकड्या याच माणसाच्या हातून गेल्या. घुमण्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'अ‍ॅफ्रिक पेपरबर्ड' आज ऐकला तर ओळखीचा गार्बारेक सापडत नाही. तो ओरडतो, घोगरा होतो, बास सॅक्सोफोनमधून डुरकतो, मधेच बासरी काढतो. तेवीस वर्षांचं रक्त आहे ते. त्यानंतरची पंचवीस वर्षं म्हणजे एकेक स्वर गाळत जाण्याची गोष्ट आहे. 1973 च्या 'विची-ताय-तो' मध्ये स्वीडिश पियानोवादक बोबो स्टेन्सनबरोबर तो गाऊ लागतो. 1974 ते 1979 या काळात अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेटच्या युरोपीय चौकडीत तो होता. 'बिलाँगिंग' आणि 'माय साँग' या तबकड्या त्यातल्या, आणि जॅझ आवडणाऱ्याने त्या ऐकल्या नसतील तर हा लेख इथेच सोडून आधी त्या ऐकाव्यात. जॅरेटची बोटं पाण्यासारखी धावतात आणि गार्बारेक त्यावर मोजके स्वर ठेवतो.

मग 1976 चा 'डिस'. नॉर्वेच्या किनाऱ्यावर एक वायुवीणा उभारलेली होती. तारा ताणलेल्या, वाजवणारा कुणी नाही. समुद्रावरचा वारा येईल तशी ती गुणगुणायची. तिचं ध्वनिमुद्रण करून त्यावर गार्बारेकने सॅक्सोफोन आणि लाकडी बासरी वाजवली, सोबत राल्फ टाउनरची गिटार. वाऱ्याने तारा छेडल्यावर काय निघणार? तीच शिडी, तेच स्वयंभू स्वर. म्हणजे चक्क तंबोराच झाला तो, फक्त जुळवायला आणि छेडायला माणूस नाही. हा तुकडा रात्री दिवा बंद करून ऐकायचा.

तंबोऱ्याशी इतकी सलगी झालेला माणूस आपल्याकडच्या लोकांना भेटल्याशिवाय राहता तर नवल. व्हायोलिनवाले एल. शंकर यांनी 1984 मध्ये ओस्लोत 'साँग फॉर एव्हरीवन' मुद्रित केला. त्यात गार्बारेकबरोबर मुंबईचे दोघं होते, तबल्यावर झाकीर हुसेन आणि तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू. त्रिलोक हा ठुमरीसम्राज्ञी शोभा गुर्टू यांचा मुलगा. शोभाताईंचा जन्म बेळगावचा, मराठी रसिकांना त्यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. ठुमरीच्या घरातला हा मुलगा जमिनीवर बसून ड्रमसेट वाजवतो आणि घणघणणारी झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवतो.

1987 मध्ये झाकीरभाईंचा 'मेकिंग म्युझिक' आला. कलाकार चारच: झाकीर हुसेन, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर जॉन मॅकलॉफलिन आणि सॅक्सोफोनवर गार्बारेक. सॅक्सोफोनवाल्याने इथे मोठं जोखमीचं काम पत्करलं होतं. पितळी वाद्याने जरा दम धरला नाही तर बांबूची बासरी त्याखाली चिरडून जाईल. हरिजींची फुंकर मऊ, गोल, तिला कड नाही. गार्बारेकच्या स्वराला धार. तो काय करतो ते ऐकण्यासारखं आहे. हरिजींनी वाक्य टाकलं की तो त्याचं शेपूट धरतो, लांबवतो, आणि त्यांच्या पुढच्या वाक्याआधी बाजूला होतो. जुगलबंदी म्हटलं की आपल्याकडे हल्ली जी आतषबाजी होते, सवाल-जवाब, टाळ्या, तिहाया, त्यातलं इथे फार थोडं आहे. काहींना म्हणूनच ही तबकडी थंड वाटते. मला ती त्या चौघांच्या सभ्यतेसाठी आवडते.

1992 मधल्या 'रागाज अँड सागाज' मध्ये तो पतियाळा घराण्याचे पाकिस्तानी गवई बडे फतेह अली खाँ यांच्याबरोबर आहे. खाँसाहेबांच्या आलापीत सॅक्सोफोन सारंगीच्या जागी जाऊन बसतो, खरी सारंगी शेजारी असतानाही. सगळ्या जागा जमल्यात असं नाही. काही ठिकाणी दोघं शेजारी शेजारी दोन वेगळी वाक्यं बोलतायत असं वाटतं. पण जमतं तेव्हा अंगावर काटा येतो. त्याच काळात ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारे ट्युनिशियाचे अनौर ब्राहेम आणि नॉर्वेच्या उत्तरेकडच्या सामी लोकांचं योइक गायन यांच्याकडेही तो गेला.

आणि मग ती घुमण्याची गोष्ट.

सप्टेंबर 1993. ऑस्ट्रियाच्या डोंगरातला सांक्ट गेरोल्ड हा जुना मठ. हिलियर्ड एन्सेम्बल ही चार इंग्रज पुरुषांची मंडळी, युरोपच्या मध्ययुगीन धर्मसंगीतात मुरलेली, कुठलंही वाद्य न घेता गाणारी. आयशरने गार्बारेकला त्यांच्याबरोबर त्या मठात उभं केलं. गाणं लिहिलेलं होतं, चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं आणि त्याहून जुनंही. त्यातला एक स्वर बदलायचा नाही. सॅक्सोफोनसाठी मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याने ऐकायचं आणि सुचेल ते वाजवायचं, किंवा गप्प राहायचं.

पहिलीच रचना क्रिस्तोबाल दे मोरालेस या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संगीतकाराची, 'पार्चे मिही दोमिने'. शब्द बायबलमधल्या ईयोबाचे: प्रभू, मला सोड, माझे दिवस म्हणजे काहीच नाहीत. गायक संथपणे, सगळे मिळून एकेक शब्द उच्चारतात. वर सॅक्सोफोन येतो, बाहेरून कुणीतरी दारात येऊन उभं राहावं तसा.

यात मठाच्या दगडी भिंतींचा वाटा एका कलाकाराइतका आहे. जुन्या देवळाच्या गाभाऱ्यात ओंकार लावून बघा. आवाज थांबवला तरी स्वर वर तरंगत राहतो, मग हळूहळू विरतो. घाईने वाजवलं तर आधीचे स्वर नंतरच्यांवर सांडतात आणि चिखल होतो. 1970 मध्ये चौघं तरुण तशा जागेत घाईने वाजवायला गेले आणि त्यांना पळून यावं लागलं. तेवीस वर्षांनी तोच माणूस तशाच जागेत जाऊन उभा राहिला, कारण आता त्याच्याकडे थोडेच स्वर उरले होते. एक स्वर लावायचा, भिंतींना तो धरून ठेवू द्यायचा, आणि दुसरा त्या विरणाऱ्या पहिल्यावर ठेवायचा. एका वेळी एकच स्वर काढणाऱ्या वाद्यावर असे दोन-तीन स्वर एकदम ऐकू येतात. कार्यक्रमांत तर गायक आणि तो चर्चमध्ये फिरत फिरत गायचे-वाजवायचे, कुणी खांबाआड, कुणी दूर दाराशी. श्रोत्याला आवाज कुठून येतोय ते कळायचं नाही.

'ऑफिशियम' नावाने 1994 मध्ये ही तबकडी आली आणि तिच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. जॅझ विकणाऱ्यांनी आणि चर्चसंगीत विकणाऱ्यांनीही तोंडात बोट घातलं. टीकाही झाली. जुन्या संगीताचे जाणकार म्हणाले, पूर्ण असलेल्या रचनेवर हा सॅक्सोफोन कशाला? जॅझवाले म्हणाले, यात जॅझ कुठे आहे? पहिल्या आक्षेपात मला थोडं तथ्य वाटतं. एक-दोन ठिकाणी तो न वाजवता तर बरं झालं असतं. दुसऱ्या आक्षेपाचं मला काही वाटत नाही. आयत्या वेळी ऐकून उत्तर देणं हा जॅझचा जीव असेल, तर तो इथे भरपूर आहे.

त्याच्यावरचा माझा खरा राग वेगळा आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत त्याच्या स्वतःच्या ताफ्यात सिंथेसायझरचा एक गुळगुळीत थर सगळ्याच्या खाली पसरलेला असतो. त्यातले काही तुकडे आज मोठ्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतात तसे वाटतात. सूर तोच, पण सूर ठेवायला दगड हवा होता, तिथे गादी आहे. 'ट्वेल्व्ह मून्स' ही ईसीएमची पाचशेवी तबकडी. ती मला अर्धीच ऐकवते.

त्या ताफ्यात एक माणूस मात्र कायम सोन्यासारखा होता, जर्मन बासवादक एबरहार्ड वेबर. 2007 च्या वसंतात त्याला पक्षाघात झाला आणि वादन संपलं. पण गार्बारेकबरोबरच्या शेकडो कार्यक्रमांत त्याने एकट्याने वाजवलेले तुकडे टेपवर होते. वेबरने ते निवडले, कापले, जोडले, वर स्वतः कीबोर्ड वाजवलं. काही ठिकाणी गार्बारेकने येऊन जुन्या मित्राच्या जुन्या वादनावर नवा सॅक्सोफोन वाजवला. 2012 मध्ये 'रेझ्युमे' नावाने ते प्रसिद्ध झालं. ताफ्यात पुढे ब्राझीलचा युरी डॅनिएल बासवर आला, आणि तालवाद्यांवर आपला त्रिलोक. गार्बारेक आणि त्रिलोकच्या कार्यक्रमात एक जागा ठरलेली असते. गार्बारेक सॅक्सोफोन बाजूला ठेवतो, बिनभोकांची ती लांब बासरी उचलतो आणि एका बोटाने खालचं तोंड उघडत-झाकत नाचरी धून काढतो. त्रिलोक तोंडाने बोल म्हणत उत्तर देतो.

हिलियर्ड मंडळी 2014 च्या शेवटी विसर्जित झाली. त्याआधी काही आठवडे स्वित्झर्लंडमधल्या बेलिन्झोनाच्या चर्चमध्ये झालेला कार्यक्रम 'रिमेंबर मी, माय डिअर' या नावाने 2019 मध्ये बाहेर आला.

ऐकायला सुरुवात कुठून करायची, असं विचारणाऱ्यांना मी एक प्रयोग सांगतो. आधी कोल्ट्रेनचं 'काउंटडाउन' लावा, सव्वादोन मिनिटं. ते संपलं की लगेच 'ऑफिशियम' मधला पहिला तुकडा, सहा-सात मिनिटं. पहिल्यात किती स्वर आहेत ते मोजायच्या भानगडीत पडू नका. दुसऱ्यात सॅक्सोफोनने नवा श्वास किती वेळा घेतला ते मोजता येतं. मी आईला बसवून हा प्रयोग केला. पहिल्याला तिने कानावर हात ठेवले. दुसरा शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "हा तोच का रे, त्या दिवशीचा सनईवाला?"